रेवस ते रेडी: सागरी मार्गावर पहिल्यांदा गाडी घालताय?

"सागरी मार्गाने गोव्याला जायचंय, पण नकाशा सारखा चिपळूण-कणकवलीवरूनच नेतो." ही तक्रार दर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कानावर येते. नकाशाचं चुकत नाही. त्याला लवकर पोचवायचं असतं आणि सागरी मार्ग लवकर पोचवत नाही. म्हणून नव्या माणसाने हा रस्ता पाठ कसा करायचा, कुठे वळायचं, अडलं तर बाहेर कुठून पडायचं, ते इथे लिहितो. देवळं, किल्ले आणि जेवणाच्या खानावळी शोधायला बाकीचं जग आहेच.

कागदोपत्री हा प्रमुख राज्य महामार्ग ४. अलिबाग तालुक्यातल्या रेवसपासून वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीपर्यंत, साधारण पाचशे किलोमीटर. सरकारी कागदांत बऱ्याचदा 'रेवस-रेड्डी' असं छापलेलं दिसेल, गोंधळू नका. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून तो जातो. कोकणच्या किनाऱ्याला सलग रस्ता हवा, या कल्पनेने अंतुले मुख्यमंत्री असताना जोर धरला. तेव्हापासून पूल होत आलेत आणि काही अजून व्हायचेत.

महत्त्वाची गोष्ट अशी की हा एक रस्ता नाही. खाड्यांनी तोडलेले पाच तुकडे आहेत आणि ते चार फेरीबोटींनी जोडलेत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. जयगडच्या पुढे खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे गाडी थेट रेडीपर्यंत जाते. म्हणजे उत्तरेकडचा अर्धा प्रवास बोटीच्या वेळेवर आणि दक्षिणेकडचा तुमच्या मर्जीवर. हे एकदा डोक्यात बसलं की दिवसांची आखणी आपोआप होते.

आधी फाटे पाठ करा

मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, आणि किनारा हे दोन समांतर बांबू धरा. त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे रस्ते आहेत. बोट बंद पडली, दरड आली, पोराला ताप आला, काहीही झालं तरी जवळची पायरी धरून महामार्गावर यायचं. उत्तरेकडून क्रमाने त्या अशा:

- वडखळ: अलिबाग
- कोलाड: रोहा, साळाव
- माणगाव: म्हसळा, श्रीवर्धन
- टोळ फाटा: आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड
- खेड (भरणे नाका): दापोली
- चिपळूण: गुहागर
- निवळी: चाफे, गणपतीपुळे, जयगड
- हातखंबा: रत्नागिरी
- राजापूर: आडिवरे, नाटे, जैतापूर
- तळेरे: विजयदुर्ग
- नांदगाव तिठा: देवगड
- कसाल: मालवण
- कुडाळ: वेंगुर्ले
- सावंतवाडी: मळेवाड, शिरोडा

ही यादी हाताने एका कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद गाडीत ठेवा. दोन गावांच्या मधल्या दरीत मोबाइलला रेंज नसते. तिठ्यावरच्या पाटीवर पुढचं एकच गाव लिहिलेलं असतं आणि ते नेमकं तुम्ही कधी न ऐकलेलं असतं.

नकाशाला तुकडे द्या

मुक्कामाचं शेवटचं गाव टाकू नका, पुढची जेटी टाका. अलिबागहून निघालात तर 'आगरदांडा जेटी'. ती ओलांडल्यावर 'बागमांडला जेटी'. असं केलं तर नकाशा किनारा सोडत नाही.

सारख्या नावांच्या गावांपासून सांभाळा. मुरूड दोन आहेत, जंजिऱ्याचं रायगडात आणि हर्णैजवळचं दापोली तालुक्यात. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात बाणकोटजवळ, आणि दिवेआगरजवळही एक वेळास आहे. दाभोळ रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोली वेंगुर्ल्याजवळ. आरवली एक संगमेश्वरजवळ हायवेवर, दुसरी शिरोड्याजवळ वेतोबाची. शिरगाव रत्नागिरीला लागून आहे आणि देवगडच्या वाटेवरही आहे. खोली आरक्षित करताना तालुका विचारून घ्या. मुरूडच्या घोटाळ्यात दोन खाड्या आणि अख्खा दिवस जातो.

रस्ता विचारायचा तर एसटीच्या चालकाला किंवा रिक्षा स्टँडवर विचारा. "रस्ता जातो का?" असं विचारू नका, "गाडी जाते का?" असं विचारा. कोकणात पाखाडीही रस्ताच असते, आणि जांभ्याच्या पायऱ्या उतरून माणूस पाच मिनिटांत खालच्या वाडीत पोचतो. तुमची गाडी नाही पोचणार.

वेगाचा हिशोब तासाला तीस किलोमीटर धरा. त्याहून जास्त धरलात तर संध्याकाळची बोट चुकते.

जेटीवर काय करायचं

सगळ्या जेट्यांवर पद्धत जवळपास सारखीच. आधी गाडी रांगेत लावायची, मग खिडकीवर तिकीट काढायचं. गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. बोट लागली की आधी पलीकडून आलेल्या गाड्या उतरतात, तोवर उतारावर गाडी घालू नका. बोटीवरचा माणूस हात करेल त्याप्रमाणेच चढायचं. तो बोटीचा तोल बघून गाड्या लावतो, आपण सावली कुठे आहे ते बघत असतो. काही वेळा गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. जमत नसेल तर तसं सरळ सांगा, लाजू नका. मोटारी लागल्यावर उरलेल्या फटींत दुचाक्या येतात, त्यामुळे दार उघडून उतरायचं असेल तर त्याआधी उतरा. हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

भरती-ओहोटी बघून निघा. भरतीला बोटीची फळी जेटीच्या जवळपास सपाट लागते. ओहोटीला उतार लांबतो, खालच्या टोकाला शेवाळ असतं आणि ओल्या सिमेंटवर चाक फिरतं. गाडीचा तळ खाली असेल आणि डिकी सामानाने भरलेली असेल, तर फळीच्या सांध्यावर घासल्याचा आवाज हमखास येतो. अशा वेळी माणसं उतरवा आणि गाडी जराशी तिरकी घ्या.

शेवटची फेरी कितीची, ते आदल्या रात्री मुक्कामाच्या घरमालकाला विचारा. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात हवा बिघडली तर फेऱ्या थांबतात. खाड्यांवर पुलांची कामंही वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत, त्यामुळे जेटीकडे जाणारा रस्ता वळवलेला असू शकतो.

पहिला तुकडा: रेवस, अलिबाग ते आगरदांडा

मुंबईहून येणाऱ्याने रेवसचा हट्ट धरू नये. 2020 पासून भाऊच्या धक्क्याजवळून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोट जाते. ती पकडली की वडखळ नाका टळतो, आणि वडखळ टळणं हीच अर्धी सुट्टी. मांडव्याहून अलिबाग, चौल, रेवदंडा. रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव. साळावच्या तिठ्यावर डावीकडे रोहा, उजवीकडे मुरूड. इथे अवजड ट्रक असतात.

साळावनंतर कोर्लई. या गावात पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली आजही बोलली जाते, थांबलात तर कान द्या. पुढे काशिद. शनिवार-रविवारी काशिदला रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा हा टापू सकाळी नऊच्या आत पार करा. मुरूड सोडल्यावर राजपुरी आणि आगरदांडा हे दोन रस्ते वेगळे होतात. राजपुरीला जंजिऱ्याच्या होड्या लागतात, गाडीची बोट आगरदांड्याला. नवखे बरेचदा किल्ल्याची पाटी बघून राजपुरीला उतरतात आणि मग तिथल्या अरुंद गल्लीत गाडी वळवत बसतात.

बोट बंद असली तर परत साळाव, रोहा, कोलाड, माणगाव, म्हसळा असा मोठा वळसा.

दुसरा: दिघी ते बागमांडला

दिघीहून बोर्ली पंचतन. इथे नीट बघा: म्हसळ्याचा रस्ता आत जातो, दिवेआगरचा किनाऱ्याकडे. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतूनही जाता येतं, पण आरवी आणि शेखाडीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता घ्या. माझ्या मते संपूर्ण सागरी मार्गावरचा सर्वांत देखणा पट्टा हाच. गणपतीपुळे-रत्नागिरीच्या मधल्या आरे-वारेची तारीफ जास्त होते, पण इथे डांबर आणि पाणी यांच्यात कित्येक ठिकाणी फक्त काळे खडक असतात. फोटोसाठी वळणावर गाडी थांबवू नका. मागून एसटी येते आणि तिला जागा लागते.

श्रीवर्धनला पेट्रोल भरा. एकूणच नियम असा की तालुक्याच्या गावी टाकी भरायची, मधल्या गावांवर विसंबायचं नाही. हरिहरेश्वरच्या अलीकडे बागमांडल्याचा फाटा आहे. तिथून सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू. बोट नसेल तर म्हसळ्याकडे मागे फिरून आंबेत-म्हाप्रळ मार्गे मंडणगड. मात्र आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, म्हणून त्या वाटेला लागण्याआधी विचारून घ्या.

तिसरा: वेश्वी ते दाभोळ

हा सगळ्यात चकवा देणारा तुकडा. वेश्वीला उतरल्यावर एक रस्ता मंडणगडकडे चढतो, दुसरा बाणकोट-वेळासकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवांची पिल्लं बघायला जाणारे वेळासकडे वळतात. तिथून केळशी अगदी शेजारी दिसते, पण मधे भारजा नदीची खाडी आहे. तेव्हा केळशीला कुठल्या वाटेने गाडी जाते हे वेश्वीतच विचारून घ्या.

केळशीनंतर आडे, मग आंजर्ले. आंजर्ल्यात रस्ता वाड्यांच्या मधून जातो. दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, वरून नारळाच्या झावळ्या, आणि समोरून टेम्पो. अशा वेळी कोणी मागे घ्यायचं याचा कायदा नाही, ज्याच्यामागे रुंद जागा जवळ असेल त्याने घ्यायचं. गडग्याला आरसा घासतो, म्हणून दोन्ही आरसे मिटून घ्या. कड्यावरच्या गणपतीचा फाटा इथेच. खाडीवरचा पूल ओलांडला की हर्णै बाजूला आलात.

हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालतो. त्या वेळी बर्फाचं पाणी गळणारे टेम्पो रस्ताभर असतात आणि उतार निसरडा होतो. दुचाकीवाल्यांनी पुढचा ब्रेक जपून दाबावा. हर्णैहून दोन पर्याय: आसूदवरून दापोली गाठायची, किंवा मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी करत किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळ. दुसरा रस्ता वेळखाऊ, पण बोटीला अवकाश असेल तर तोच.

दाभोळची फेरी चुकवू नका, असं मी बजावून सांगतो. पलीकडे धोपावे डोळ्यांना दिसतं, पण बोटीशिवाय तिथे जायचं म्हणजे दापोली, खेड, चिपळूण आणि परत खाली गुहागर, शंभराहून जास्त किलोमीटर.

चौथा: धोपावे ते तवसाळ

धोपाव्याहून वीजप्रकल्पाच्या बाजूने गुहागर. गुहागर हे मोठं जंक्शन. इथूनच चिपळूण, कराडमार्गे विजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग सुरू होतो. तवसाळला जायचं तर दोन वाटा. असगोलीवरून पालशेत ही किनाऱ्याची. दुसरी चिपळूण रस्त्याने मोडकाआगर तिठ्यापर्यंत जाऊन उजवीकडे वळणारी. रात्री किंवा पावसात मोडकाआगरची घ्या. पालशेतच्या बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्या थेट रस्त्याला लागतात, हळू.

पुढे वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. मुक्काम करायचा तर वेळणेश्वर-हेदवीला करा, म्हणजे सकाळची बोट आरामात मिळते. तवसाळची बोट बंद असेल तरी घाबरायचं कारण नाही, ही एकच खाडी अशी आहे की जिचा पर्याय जवळ आहे. आबलोलीकडे जाऊन राई-भातगाव पुलावरून शास्त्री नदी ओलांडायची आणि जाकादेवीला निघायचं. बाहेरच्या लोकांना हा पूल माहीत नसतो, म्हणून ते चिपळूण-हातखंबा असा फेरा मारतात.

पाचवा: जयगड ते रेडी

आता बोटींची कटकट संपली. जयगडला बंदराचे ट्रेलर आहेत, ते निवळीच्या रस्त्याने वर जातात. आपण मालगुंडला वळायचं. मालगुंड केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. लगेच गणपतीपुळे. अंगारकी आणि संकष्टीला पुळ्यातून गाडी नेऊ नका, त्या दिवशी चाफ्याकडून आतून जा. पुळ्याहून आरे-वारे, बसणी, शिरगाव करत रत्नागिरी.

रत्नागिरी सोडताना भाट्याचा पूल शोधा. हातखंब्याच्या पाट्या सगळीकडे आहेत, भाट्याची पाटी शोधावी लागते. पूल ओलांडला की पावसपर्यंत आमराया. एप्रिल-मे महिन्यांत पेट्या लादलेल्या पिकअप गाड्या घाईत असतात, त्यांना जागा द्या. पावसनंतर पूर्णगडजवळ मुचकुंदीवरचा पूल, गावखडी, कशेळी, आडिवरे. इथून कातळसडा सुरू होतो. मैलोन्‌मैल सावली नाही, पाणी नाही, टपरीही क्वचित. दुपारी बारा ते तीन इथे दुचाकीवर असू नका.

आडिवरे, नाटे, जैतापूर. वाघोटन खाडी ओलांडली की सिंधुदुर्ग. पुढचं लक्षात ठेवायचं ठिकाण म्हणजे पडेल कँटीन. नाव ऐकून हसू येतं, पण या भागातला सगळ्यात कामाचा तिठा हाच. एक वाट विजयदुर्गला, एक जामसंडे-देवगडला, एक तळेऱ्याकडे. विजयदुर्ग बघून परत इथेच यायचं असतं.

देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर जवळ आलंय. जुन्या माहितीवर चालणारे अजून जामसंड्याहून आतून जायला सांगतात, ऐकू नका. मात्र महाशिवरात्रीच्या जत्रेत हा सगळा भाग टाळा. कुणकेश्वर, मिठबाव, मुणगे, आचरा, मग कोळंबचा पूल आणि मालवण.

मालवणात नवखे हमखास फसतात. नकाशात तारकर्ली-देवबागची पट्टी दक्षिणेला जाताना दिसते आणि पलीकडे भोगवे हाताच्या अंतरावर. म्हणून लोक गाडी देवबागला घालतात. देवबाग हे टोक आहे. पुढे कर्ली नदीचं मुख, आणि तिथे गाडी नेणारी बोट नाही. वेंगुर्ल्याला जायचं तर मालवणहून चौके, नेरूरपारच्या पुलावरून परुळे, म्हापण, खानोली, दाभोली आणि वेंगुर्ले. चिपीचा विमानतळ परुळ्याजवळच आहे. कोणाला सोडायचं-आणायचं असेल तर प्रवासाची आखणी त्याप्रमाणे करता येते.

वेंगुर्ल्याहून मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी. मोचेमाडचा घाट उतरताना समोर खाडी आणि माड एकदम उघडतात आणि चालवणाऱ्याचं लक्ष जातं. बघायचं तर वरच्या कडेला गाडी लावून बघा. रेडीला खाणींमुळे ट्रक असतात आणि रस्त्यावर लाल धूळ बसलेली असते, पाऊस पडून गेल्यावर तिचा चिखल होतो.

रेडीच्या पुढे गोव्याला जायला दोन वाटा. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडतो. तिथून केरीला फेरीबोट आहे. ती मिळाली तर थेट हरमलच्या बाजूला निघता. नाही मिळाली तर शिरोड्यापर्यंत मागे या, आरोंद्याला जा आणि किरणपाणीच्या पुलावरून पेडणे तालुक्यात उतरा. गोव्याला जायचंच नसेल तर शिरोड्याहून मळेवाडवरून सावंतवाडी. तिथून घरी परतताना हायवेच धरा.